भावासाठी पेटवलेली बिडी

परवा शाळेत माझा सत्कार झाला. कारण काय, तर मी बिडी सोडली. मुख्याध्यापकांनी शाल दिली, नारळ दिला आणि माझ्या इच्छाशक्तीबद्दल ते इतकं भरभरून बोलले की या इच्छाशक्तीवाल्या माणसाला एकदा भेटावं असं मलाच वाटायला लागलं. माझ्याकडे इच्छाशक्ती नाही. असती तर पन्नाशी उलटेपर्यंत रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी काडेपेटी शोधत मी घरभर फिरलो नसतो. माझ्याकडे आहे ती भीती. भाषणात ती सांगितली नाही, कारण समोर पोरं बसली होती, आणि मास्तर घाबरतो हे पोरांना कळलं की वर्ग हाताबाहेर जातो. इथे सांगायला हरकत नाही.

आमचं घर नंदुरबारात, मिरचीच्या पथाऱ्यांच्या अंगाला. दिवाळीनंतर ओली लाल मिरची या उघड्या रानांत वाळायला पसरतात आणि होळीपर्यंत आमच्याकडची हवाच तिखट असते. पाहुणा रिक्षातून उतरला की पहिल्यांदा शिंकतो, मग खोकतो, मग डोळे पुसतो, आणि आम्ही त्याला हसतो. आम्हालाही ठसका लागतोच, पण त्याला आजार म्हणायची आमच्यात रीत नाही. हंगामात खोकणारा माणूस डॉक्टरकडे गेला तर त्याचीच चेष्टा होईल. माझा खोकला असा कित्येक वर्षं मिरचीच्या नावावर खपला. हंगाम संपल्यावरही तो थांबेना, तेव्हा मी म्हणालो, जमिनीत भुकटी राहिली असेल. पावसाळ्यातही खोकायला लागलो, तेव्हा म्हणालो, भिंतींना ओल आली आहे.

माझा मोठा भाऊ पथारी चालवायचा. तो माझ्यापेक्षा जास्त खोकायचा आणि माझ्यापेक्षा कमी विचार करायचा, त्यामुळे सुखी होता. शाळा सुटली की मी त्याच्याकडे जायचो. देठ खुडणाऱ्या बाया घरी निघालेल्या असायच्या, आणि आम्ही दोघं भाऊ पोत्यांवर बसून एकाच बंडलातल्या बिड्या ओढायचो. लहानपणी शेताच्या बांधावर चोरून ओढलेली पहिली बिडीही आम्ही अर्धी अर्धी केली होती. पगारात मला सिगारेट परवडली असती, पण सिगारेट हातात धरली की मला उगाच कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखं वाटायचं. बिडी भावाची होती, म्हणून माझी होती.

शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर एक पिवळी रेघ मारलेली आहे. तिच्या आत तंबाखूला बंदी. मधल्या सुट्टीत मी ती रेघ ओलांडून जायचो आणि पलीकडे उभा राहून कायदा पाळत ओढायचो.

मग एक दिवस नववीच्या वर्गात धडा वाचताना माझी हवा संपली. वाक्य लांब होतं. अर्ध्यावर आलो आणि पुढचा शब्द उचलायला छातीत काही उरलंच नाही. टेबल धरून मी तसाच उभा राहिलो. धडा दुःखाचा होता. पोरांना वाटलं सरांचा गळा दाटून आला. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने तर डोळे पुसले. मी आत अक्षरशः गार पडलो होतो.

डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं. मी जीव खाऊन फुंकलं. ते म्हणाले, फुंका आता. मी म्हणालो, फुंकलं की. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा मिरचीचा ठसका नाही. मिरचीने भर घातली असेल, पण फुप्फुसं बिडीने गेलेली आहेत, आणि गेलेला भाग परत येत नाही. हा आजार बरा व्हायचा नाही, सांभाळायचा आहे. बिडी आजपासून बंद आणि ओढायचा पंप आजपासून सुरू. पंप कधी बंद होईल, असं मी विचारलं. आमच्याकडे समजूत अशी की पंप लागला म्हणजे माणसाचं आवरत आलं. डॉक्टर म्हणाले, पंपाला घाबरू नका, बिडीला घाबरा.

मी दोन्हीला घाबरलो. त्या दिवसापासून ज्या गोष्टींकडे आयुष्यात कधी लक्ष गेलं नव्हतं त्या सगळ्या धोक्याच्या झाल्या. आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना श्वास रोखला जातो, त्याची भीती. बुटाची नाडी बांधायला वाकायची भीती. शाळेचा जिना दिसला की आधी खालीच उभं राहून खिसे चाचपायचो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं मास्तर काहीतरी विसरले. हसायचीसुद्धा भीती वाटायची, कारण हसण्याचा शेवट खोकल्यात व्हायचा आणि तो खोकला कुठे थांबेल याचा भरवसा नसायचा.

बिडी सोडली म्हणजे बरं वाटेल, अशी माझी भाबडी कल्पना होती. झालं उलटंच. खोकला वाढला. कफ सुटायला लागला. हात रिकामे पडले, पोट साफ होईना आणि डोकं असं तापलेलं असायचं की पोरांच्या वह्या तपासताना मी काना-मात्रेवरून आरडाओरडा करायचो. बायको खिशात लवंगा आणि बडीशेप भरून द्यायची आणि माझ्या वाटेतून बाजूला व्हायची. सोडल्यावर सुरुवातीला खोकला वाढतो, छाती साफ होत असते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण शेजारीपाजारी म्हणायला लागले, अंगाला सवय होती, एकदम तोडायला नको होती, एखादी ओढत जा. आणि खरं सांगतो, मला त्यांचंच पटायचं. घाबरलेल्या माणसाला जे हवं असतं तेच त्याला पटतं.

डॉक्टरकडे चल म्हणून मी भावाच्याही मागे लागलो. त्याने हसून उडवून लावलं.

"मन्हा ठसका मिरचीना शे, मास्तर. तुन्हा पुस्तकना व्हई."

तरी संध्याकाळी त्याच्याकडे जाणं मी सोडलं नाही. वारा बघून जरा लांब बसायचो. त्याच्या ते लक्षात आलं असावं. तो तोंड वळवून धूर पलीकडे सोडायला लागला. माझ्यासाठी त्याने एवढं केलं, आणि त्याच्या स्वभावाला ते पुष्कळ होतं.

माघात, मिरची ऐन भरात असताना, भाऊ गेला. सकाळी चहा पिता पिता त्याचा दम अडकला. घरात वहिनी होत्या आणि तळोद्याला दिलेली त्याची थोरली मुलगी माहेरी आलेली होती. रिक्षात घालून दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, तोवर संपलं होतं. मी शाळेत प्रार्थनेला उभा होतो. पोचलो तेव्हा त्याला आणून ओट्यावर ठेवलेलं होतं. तो कसा गेला, किती वेळ झगडला, काही बोलला का, हे मी कुणालाही विचारलं नाही. लोकांना वाटलं मला दुःखाने सुचत नाही. दुःख होतंच. पण जे त्याच्या छातीत झालं ते माझ्या छातीतही तयार बसलेलं आहे, हे मला माहीत होतं, आणि ते कसं असतं हे मला ऐकायचं नव्हतं.

भावाला दोन्ही मुलीच. म्हणून कर्ता मी झालो.

आमच्याकडे माणूस गेला की गावोगावचे नातेवाईक दारावर येतात. मांडवात सतरंजी अंथरलेली असते. आलेला माणूस बसतो, गेलेल्याबद्दल विचारतो, आणि घरच्या कर्त्याने त्याच्यापुढे ताट करायचं असतं. त्या ताटात सुपारी, तंबाखू, चुना, बिडीची बंडलं आणि काडेपेटी. रडून झालेल्या माणसाला हाताला काहीतरी लागतं, म्हणून ही रीत पडली असेल. ते ताट आता माझ्या हातात होतं. माणूस यायचा, मी ताट पुढे करायचो, तो बिडी उचलायचा, पेटवायचा आणि भावाचं चांगलं बोलायचा. मांडवात धूर तरंगत राहायचा. उठून मागच्या अंगाला जावं तर तिथे मिरची वाळत घातलेली. मी पदरासारखा गमछा तोंडावर धरून बसायचो, आणि लोक म्हणायचे, लहान भावाचं रडणं काही थांबत नाही. मी रडत नव्हतो. एक बिडी, फक्त एक, अशी मागणी माझ्या तोंडातून, बोटांतून, सगळ्या अंगातून चालली होती. आणि भाऊ याच बिडीने गेला हे मला मांडवातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

ते दिवस मी कसेबसे काढले. एकही बिडी ओढली नाही. दहाव्याला आम्ही सगळे प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो.

तापीला त्या सकाळी धुकं होतं. डोकं भादरून मी नदीत बुडी मारली आणि वर आलो तेव्हाच छातीत शिट्टी वाजायला लागली होती. ओलं धोतर, उघडं अंग, पोटात काही नाही. माझा सदरा, ज्याच्या खिशात पंप होता, तो वर पायऱ्यांवर, पंपाचं सांगून, थोरल्या पुतणीच्या हातात दिलेला. गुरुजींनी विधी उरकला, पिंड ठेवला, आणि आम्ही सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघायला लागलो.

कावळे होते. पलीकडच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होते. एक खाली उतरला, पिंडाजवळ उड्या मारत आला आणि परत गेला. मग माझे चुलते पुढे झाले. आमच्या भावकीत शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, त्याचं मन कशात तरी अडकलंय, बोल त्याच्याशी. मी हात जोडून बोललो. धाकटीचं लग्न मी करून देईन. वहिनींना काही कमी पडू देणार नाही. पथारी बंद पडू देणार नाही. एकेक कबूल करत गेलो, पण कावळा हलेना. थंडीने माझे दात वाजत होते. मागे बाया रडायला लागल्या, कारण कावळा शिवत नाही म्हणजे जाणारा अजून इथेच घोटाळतोय. शेवटी चुलते म्हणाले,

"त्याले बिडी पाहिजे. पेटाडीसन ठेव तठे."

सगळ्यांना एकदम पटलं. कुणीतरी भावाच्याच छापाचं बंडल पुढे केलं.

बिडी ज्याने ओढली आहे त्याला मी का घाबरलो ते सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. बिडी नुसती काडीवर धरून पेटत नाही. टेंभुर्णीचं पान करपतं आणि विझतं. ती पेटायला कुणीतरी तोंडात धरून ओढावी लागते. तरी मी प्रयत्न केला. काडी ओढली, बिडीचं तोंड जाळावर धरलं, पान काळं पडलं, विझलं. दुसरी काडी, तिसरी काडी, तेच. पाठीमागे कुणीतरी हळूच हसलं की मास्तरला बिडी पेटवता येत नाही. माझ्या एका मावसभावाने मी पेटवून देतो म्हणून हात पुढे केला, पण चुलत्यांनी त्याला थांबवलं.

"दुसरानी उष्टी त्याले कशी देवानी? तुन्हीच चाली."

हे खरं होतं. लहानपणापासून भावाने उष्टी बिडी घेतली असेल तर माझीच.

त्या वेळी मला म्हणता आलं असतं की माझी फुप्फुसं गेलेली आहेत, मला डॉक्टरांनी बंदी केली आहे. पण सगळी भावकी उभी, समोर भावाचा पिंड, आणि सख्खा भाऊ एक बिडी पेटवायला तयार नाही, असं ते दिसलं असतं. आजारपणाची लाज वाटते माणसाला. मला तरी वाटली. मी बिडी ओठांत धरली आणि काडी ओढली.

पहिला झुरका बिडी पेटायला लागला. तो भावासाठी होता. पण धूर आत गेला आणि अंगाचा कण न् कण म्हणाला, आलास का. इतके दिवस जो माणूस मी शोधत होतो तो परत भेटला असं वाटलं. मी दुसरा झुरका ओढला. तो भावासाठी नव्हता. मग बिडी पिंडाशेजारी दगडावर ठेवली आणि मागे फिरलो.

दोन पायऱ्या चढलो असेन, आणि दार लागलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. छातीचं दार बाहेरून कुणी लावून घ्यावं तसं. आधी खोकला आला, मग खोकलाही येईना. तोंड उघडं होतं आणि हवा आत येत नव्हती. समोर नदी, वर एवढं मोठं आभाळ, सगळीकडे हवाच हवा, आणि मला त्यातली चमचाभर मिळत नव्हती. मी पायऱ्यांवर गुडघे टेकले. लोक धावले, कुणी पाठ चोळत होतं, कुणी पाणी पाजा म्हणत होतं, आणि प्रत्येक जण माझ्या अंगावर वाकून उरलीसुरली हवा अडवत होता. मला ओरडून सांगायचं होतं की लांब व्हा. आवाजाला लागते ती हवाही नव्हती. मरताना बायको-पोरं डोळ्यांपुढे येतात म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे कुणी आलं नाही. भाऊसुद्धा नाही. हवा, एवढंच. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मग पुतणी गर्दीतून आत घुसली. तिच्या हातात माझा सदरा होता. मी तिचं मनगट धरलं. किती जोरात धरलं ते मला तेव्हा कळलं नाही. तिने दुसऱ्या हाताने खिशातून पंप काढला, माझ्या तोंडात धरला आणि दाबला. पहिल्यांदा काही आत गेलं नाही. तिने परत दाबला, परत दाबला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. हळूहळू दाराला फट पडली. मग थोडी आणखी. मी रडायला लागलो, आणि रडता येतंय म्हणजे श्वास येतोय हे कळून जास्तच रडलो.

या सगळ्या गडबडीत पिंडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. कुणी वळून बघितलं तेव्हा भात विस्कटलेला होता, कावळा शिवून गेलेला होता. दगडावरची बिडी तोवर विझली होती. चुलत्यांनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, बिडीसाठीच थांबला होता. सगळ्यांना तेच पटलं. वहिनींनी नदीकडे बघून हात जोडले. मला घोंगडीत गुंडाळून बसवलं होतं. खरोखर बिडीसाठीच थांबला असेल तर त्याला मिळाली, ठीक आहे.

परतताना क्रूझरमध्ये पुतणी माझ्या शेजारी बसली होती. बाकीचे पुढे हळू आवाजात बोलत होते, दुपारच्या जेवणावळीचं काय करायचं वगैरे. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ उठलेले दिसत होते. मी म्हणालो, लागलं का गं? तिने नाही म्हणून मान हलवली. ती बाहेर बघायला लागली. उसाच्या गाड्या मागे पडत होत्या. मग माझ्याकडे न बघताच बोलली.

"बापूनी बी मन्हा हात असाच धरेल व्हता."

मी ऐकायचं टाळत आलो होतो ते आता ऐकण्यावाचून सुटका नव्हती. ती म्हणाली, रिक्षात तिने त्याला मांडीवर घेतलं होतं. त्याला बोलता येत नव्हतं. शुद्ध शेवटपर्यंत होती.

"मन्हाकडेच देखी ऱ्हायंता. त्याले वाटे, मी काही तरी करसू."

गाडी खड्ड्यातून गेली, आम्ही सगळे हललो. ती सदऱ्याची घडी मांडीवर नीट करत बसली. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की पायऱ्यांवर माझ्याइतकंच घाबरलेलं आणखी एक माणूस होतं, आणि ते अजून घाबरलेलंच होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"काका, परत मन्हाकडे तसं देखू नका."

मी म्हणालो, नाही बघणार.